न मागता आलेली खुर्ची

सावरदरा विमानतळावर चाकांची खुर्ची मागावी लागत नाही. ती आपण होऊन येते. तुम्ही दारातून आत शिरता, चार पावलं चालता, आणि भिंतीतल्या कप्प्यातून एखादी निळी खुर्ची फारसा आवाज न करता बाहेर पडते आणि अदबीने तुमच्या मागोमाग चालू लागते. बोलत नाही, नाव पुकारत नाही. बसलात तर विमानाच्या शिडीपर्यंत नेते, नाही बसलात तर शिडीपर्यंत सोबत करते आणि मुकाट्याने परत जाते.

ही सोय वृषाली खोडकेने आणली होती. वृषाली म्हणजे विमानतळाची प्रवासी सुविधा अधिकारी. बाळंतिणींच्या खोलीतला पडदा नीट सरकतो का, पाण्याला क्लोरीनचा वास येतो का, म्हाताऱ्यांना मोठ्या अक्षरांच्या पाट्या दिसतात का, असल्या गोष्टींत तिचा जीव. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे करायचं राहून गेलं. धाकट्या भावाला वैमानिक करायचं होतं, त्यात तिची उमेदीची वर्षं गेली आणि त्याची तिला कधी खंतही वाटली नाही. हर्षल आता इथूनच नागपूर आणि पुण्याला जाणारं एकोणीस आसनी विमान चालवत होता. ते विमान पट्टी सोडताना ती रोज काचेशी उभी राहायची. रोजचंच असूनही तिचा ऊर भरून यायचा.

तसं पाहिलं तर या विमानतळाने बरेच उद्योग करून पाहिले होते. महायुद्धात साहेबाने काळ्या रानात मुरूम अंथरून पट्टी केली. लढाई संपली, साहेब गेला, पट्टी गावाला राहिली. गावाने तिच्यावर मिरच्या वाळवल्या, पोरांना सायकली शिकवल्या. मग फ्लाइंग क्लब आला, दोन विमानं घेऊन. त्यांतलं एक कायम उघडं पडलेलं असे आणि त्याच्या पोटात डोकं घालून वृषालीचे बाबा बसलेले असत. ते तिथे मेकॅनिक होते. पट्टीच्या कडेला शेंदूर फासलेला मारुती होता, पट्टीच्याही आधीचा. एखादा पोरगा पहिल्यांदा एकटा उडायला निघाला, की बाबा त्याला मारुतीपुढे अनवाणी उभा करत, देवाला दही-साखरेचा नैवेद्य दाखवत आणि मग त्यातलं चमचाभर त्याच्या तळहातावर ठेवत. पुढे नवी इमारत झाली. मारुती हलवायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून त्याच्याभोवती काचेचा चौक बांधला आणि तो आयता इमारतीच्या मधोमध आला. चप्पल-बुटांची मांडणी तेवढी पार पलीकडच्या भिंतीशी नेली, कारण काचेजवळ जोड्यांचा ढीग दिसला तर शोभत नाही, असं विमानतळप्रमुख देशकरसाहेबांचं मत पडलं. त्यामुळे मारुतीला जायचं तर फरशीवरून बरंच अनवाणी चालावं लागे.

बाबा गेल्यावर दह्याची वाटी वृषालीच्या हाती आली. हर्षलची ड्युटी असेल त्या दिवशी सकाळी दोघं भिंतीशी बूट काढत, चालत चौकात जात, आणि ती त्याच्या हातावर दही ठेवी.

आणि सगळी गोम त्या फरशीतच होती.

माणूस चालतो तेव्हा आधी टाच टेकते, मग भार तळव्यावरून अंगठ्याकडे सरकतो. धडधाकट माणसाच्या लागोपाठच्या पावलांना जवळपास सारखाच वेळ लागतो. मेंदूतल्या काही पेशी हा ताल सांभाळत असतात. त्या झिजू लागल्या की ताल अगदी किंचित ढळतो, डोळ्याला कळणार नाही इतका. हात कापायला लागेपर्यंत मध्ये कित्येक वर्षं जातात. सावरदऱ्याच्या फरशीखाली दाब मोजणारी जाळी अंथरलेली होती आणि तिच्यामागे लाखो प्रवाशांची पावलं वाचून शहाणं झालेलं यंत्र होतं. त्याला रोग ओळखायला कोणी शिकवलं नव्हतं. कोणाला विमानापर्यंत जाताना आधार लागेल, एवढंच त्याला ओळखायचं होतं. पण शिकता शिकता ते पुढे गेलं. आज नाही पण पुढे ज्याला आधार लागणार आहे, त्याच्याकडेही खुर्ची जाऊ लागली.

पहिल्यांदा ती एका धट्ट्याकट्ट्या ड्रिल मास्तरांच्या मागे गेली तेव्हा लोक हसले. वर्ष सरता सरता मास्तरांना कंपवाताचं निदान झालं आणि लोकांचं हसू मावळलं. मग आणखी दोघं निघाले, मग आणखी काही. गावात 'त्याला खुर्ची लागली' असं दबक्या आवाजात बोललं जाऊ लागलं. सोयरिकी जमवणारे तर एवढे पोचलेले, की मावशीला पोचवायच्या निमित्ताने नवऱ्या मुलाला विमानतळावर आणायचे आणि इकडून तिकडे दोनदा चालवायचे.

हे सगळं होणार, हे वृषालीने आधीच ओळखलं होतं. म्हणून तिने पहिल्याच बैठकीत हट्ट धरला होता: यंत्राने नाव विचारायचं नाही, चेहरा बघायचा नाही, कोणाकडे खुर्ची गेली त्याची नोंद ठेवायची नाही. "मदत करायची तर उपकाराची पावती कशाला?" असं ती देशकरांना म्हणाली होती. दुसरी एक तरतूदही तिचीच. कर्मचारी आणि वैमानिक यांच्या बुटांच्या टाचेत बटणाएवढी चकती बसवली होती. ती असली की फरशी त्या पावलांकडे काणाडोळा करी. कारण पहिल्याच आठवड्यात सगळ्या खुर्च्या संध्याकाळी सफाईच्या बायकांमागे लागल्या होत्या. दमलेल्या माणसाला खुर्ची द्यायची ठरवली असती, तर कामाला कोणी उरलं नसतं.

आता दिवाळीनंतरच्या त्या सकाळची गोष्ट. दोघं बूट काढून चौकाकडे निघाले, आणि वृषालीला मागे चाकांची बारीक घरघर ऐकू आली. वळून पाहते तर निळी खुर्ची.

"मॅडम!" चहाच्या टपरीवरून गुणवंतराव ओरडले. या माणसाला दुसऱ्याच्या कानात सांगायची गोष्टही ओरडूनच सांगता येते. "आज पायलटसाहेबाच्या मांगं कावून लागली हो खुर्ची? त्यायले फुकटात फिरवते का काय?"

हर्षल मोठ्याने हसला. "बघ ताई, तुझ्या खुर्चीलेबी समजलं, पायलट कसा थकून राहिला ते."

वृषालीही हसली. पण तिला बाबा आठवले. ते कंपवातानेच गेले होते. आधी पाऊल अडखळलं, मग पाना धरलेला हात थरथरू लागला, आणि शेवटी ज्यांनी विमानं दुरुस्त केली त्यांना सदऱ्याचं बटण लावता येईना. तो आजार कधीकधी रक्तातून उतरतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं.

चौकात तिने हर्षलच्या हातावर दही ठेवलं. अर्धं त्याच्या पांढऱ्या बाहीवर सांडलं.

"हात स्थिर ठेव की रे!" ती कावली.

"मी कुठं हलवून राहिलो?" तो बाही पुसत म्हणाला. मग त्याने दही तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबलं ना हे, ताई. वास केवढा येऊन राहिला!"

तिने वाटी नाकाशी नेली. वास कसला, काहीच नव्हता. चव घेऊन पाहण्याचा प्रश्नच नव्हता. नैवेद्याचं दही ती कधी चाखत नसे. म्हणजे ह्याच्या जिभेत बिघाड, ह्याच्या हातात कंप.

दुसऱ्या खेपेला पुन्हा खुर्ची आली. तिसऱ्या खेपेला तिने युक्ती केली. "तू हो पुढे," असं सांगून ती मुद्दाम दोन पावलं मागे राहिली आणि नजर त्याच्या टाचांना खिळवून चालू लागली. चाकांची घरघर झाली. पुढे हर्षल, मध्ये ती, मागे खुर्ची. तिला फक्त पहिली आणि तिसरी गोष्ट दिसली. मधली दिसली नाही, कारण या इमारतीत सोयी इतरांसाठी असतात आणि आपण त्या करायला असतो, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. हर्षल जेवताना ती त्याचा घास बघे. तो जिना उतरताना ती खालून पावलं ऐके. त्याने चहाचा कप बशीत ठेवला आणि जरा खणखणला, की हिच्या हातातलं काम थांबे. रात्री झोप लागली तरी झोपेत हातपाय झाडून ती जागी व्हायची आणि म्हणायची, काळजीने असं होतंय.

शेवटी जेवणाच्या ताटावर तिने विषय काढलाच. "हर्षल, एकदा नागपूरला जाऊन तपासून घेतोस का रे? माझ्या समाधानासाठी."

त्याचा हात थांबला. "त्या खुर्चीसाठी?"

"बाबांना..."

"बाबांचं नाव नको काढू." तो ताटावरून उठला नाही, पण आवाज चढला. "माझ्या फाइलीत लिहूनच आहे ते. त्याच्यावर आणखी एक शंका गेली ना, की आधी लायसन्स काढून घेतात आणि मग तपासतात. किती महिने लागतील, परत देतील का नाही, काही भरोसा नाही. मी ठणठणीत आहे. मला नाही कळणार का?"

बाबाही हेच म्हणायचे, अगदी याच शब्दांत. वृषाली भात चिवडत राहिली.

आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. तोंड मिटून बसायचं आणि रोज एकोणीस माणसं त्याच्या हवाली करायची, किंवा तोंड उघडायचं आणि ज्याच्यासाठी आयुष्य घातलं त्याचे पंख स्वतःच्या हाताने कापायचे. आठवडाभर ती पहिली वाट धरून चालली आणि झुरत राहिली. विमान परत टेकेपर्यंत तिला पाणीसुद्धा गोड लागत नसे. मारुतीकडे तर तिने जाणंच टाळलं. दही विरजलं नाही, आज राहू दे, असल्या थापा मारल्या.

मग एका सकाळी ती बाळंतिणींच्या खोलीत डोकावली. तिथे एक कोवळी आई तान्ह्या बाळाला पाजत बसली होती. बहुधा पहिल्यांदाच विमानात बसणार होती. चेहरा पार उतरला होता.

"मॅडम," तिने विचारलं, "हे बारकं इमान लय हालते म्हन्ते. काही भेव नाही ना?"

"काही नाही. अगदी बिनघोर जा," वृषाली म्हणाली. हे ती रोजच कोणाला ना कोणाला सांगत असे. पण आज ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. ती तशीच फिरली आणि देशकरांच्या खोलीत गेली.

"साहेब, कॅप्टन खोडकेंना आज उडू देऊ नका. त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी."

देशकरांनी चष्मा काढला. "कोणाची शंका आहे ही?"

"माझी."

विमान रद्द झालं. प्रवाशांनी आरडाओरडा केला, गुणवंतरावांचा चहा तेवढा खपला. हर्षल गणवेशातच तिच्या टेबलापाशी आला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्या कोणी केलं असतं ना ताई, तर तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडलो असतो. आता कुठं जाऊ, तूच सांग." तो त्याच दिवशी बॅग भरून नागपूरला मित्राकडे राहायला गेला.

तपासण्या चालल्या. मेंदूची चित्रं काढली, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तासन्‌तास चालवलं. वृषालीचे फोन तो उचलत नसे. ती मात्र रोज करायची. घर खायला उठायचं. त्याला आजार निघू नये म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. आणि निघालाच नाही तर तो आपल्याला जन्मात माफ करणार नाही, हेही तिला कळत होतं. तरी तिने मागितलं ते हेच, की न निघो.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा निकाल लागला. हर्षलमध्ये काहीही दोष नव्हता. लायसन्स परत मिळालं. ही बातमीही तिला देशकरांकडून कळली. "यंत्र चुकलं म्हणायचं," ते म्हणाले. वृषाली त्यांच्या टेबलासमोर बसून पदराने डोळे पुसत राहिली.

त्याच्या पहिल्या उड्डाणाच्या सकाळी ती वाटी घेऊन आली. यायला नको होतं, पण घरी बसवेना. भिंतीशी बूट काढून ती उभी राहिली. हर्षल आला. बारीक झाला होता. त्याने तिला पाहिलं, वाटीही पाहिली, आणि बूट न काढता सरळ वैमानिकांच्या दाराने निघून गेला. गुणवंतरावांनीसुद्धा मान खाली घालून भांडी विसळली.

पण नैवेद्य तर दाखवायला हवा. ती एकटीच अनवाणी चौकाकडे निघाली.

मागे चाकांची बारीक घरघर झाली.

ती थांबली. खुर्ची थांबली. तिने आजूबाजूला पाहिलं. पुढेमागे कोणी नव्हतं. ती डावीकडे वळली, खुर्ची डावीकडे वळली. ती चौकाला वळसा घालून आली, खुर्चीही तितक्याच अदबीने वळसा घालून आली.

वृषालीच्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे तो नव्हता. तो कधीच नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की ती मारुतीकडे बघून चक्क हसली. मग हातातल्या वाटीत चमचा वाजताना तिला ऐकू आला. कोणी हलवत नसताना तो वाजत होता. बाहीवर सांडलेलं दही तिला आठवलं, न आलेला वास आठवला, झोपेत झाडलेले हातपाय आठवले. हात कापायच्याही आधी हा आजार असाच नाक आणि झोप बिघडवतो. एकेक करून सगळं तिच्याच पदरात येऊन पडलं.

ती झपाझप भिंतीकडे गेली आणि तिने बूट चढवले. टाचेतली चकती बोलली असावी, कारण खुर्चीने तत्काळ तोंड फिरवलं आणि ती कप्प्यात जाऊन उभी राहिली, काही झालंच नाही अशी. वृषाली बघतच राहिली. इतकं सोपं होतं. बूट काढायचे नाहीत, बस. निवृत्त होईपर्यंत फरशीला पत्ता लागला नसता. नोकरी राहिली असती, मान राहिला असता. मारुतीला बाहेरूनच हात जोडता आले असते. एकदा तिला वाटलं, असंच करावं.

काचेपलीकडे हर्षलचं विमान पट्टीवर धावू लागलं होतं. ज्या शंकेपायी तिने त्याला महिनोन्‌महिने जमिनीवर बसवलं, तीच शंका स्वतःवर आली तर टाचेखाली दडवायची? तिला आपलीच चीड आली. तिने बूट काढले. खुर्ची पुन्हा आली. वृषालीने साडी सावरली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः आणलेल्या त्या सोयीवर ती बसली. बरी होती खुर्ची. पाठीला जरा उंच होती, ते सांगायला हवं होतं.

मग ती देशकरांना भेटली, डॉक्टरांची वेळ ठरवली. दिवसभराची कामंही केली, काही बसून, काही उभ्याने. संध्याकाळी विमान परतायच्या वेळी ती चौकात मारुतीपुढे खुर्चीत बसून होती. सकाळची वाटी मांडीवर तशीच होती. त्यातलं दही कोणी खाल्लं नव्हतं.

हर्षल बाहेर आला तो सकाळसारखाच सरळ निघाला होता. मग त्याला खुर्ची दिसली, आणि खुर्चीत कोण आहे तेही दिसलं. त्याची पावलं मंदावली.

"ताई? काहून बसली तिथं?"

"ती तुझ्या मागे नव्हती रे," वृषाली म्हणाली. "मी तुझ्या मागे होते ना. ती माझ्या मागे होती."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो भिंतीपर्यंत गेला नाही. बूट जागच्या जागी काढून फेकले आणि अनवाणी तिच्याकडे आला. त्याच्या मागे कोणतीही खुर्ची निघाली नाही. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिचे दोन्ही हात त्याने धरले. उजवा हात त्याच्या मुठीत थरथरत होता. बाबांचा थरथरायचा तसाच.

"माझ्यामुळे तुझे एवढे महिने..." ती बोलू लागली.

"गप्प बस ना." त्याने तिच्या मांडीवरची वाटी उचलली. "उद्या नागपूरले मीच घेऊन जाईन तुला. माझ्याच विमानात. पुढच्या सीटवर बसायचं." मग चमचा भरून त्याने तिचा तळहात उघडला. "निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात ना? आता निघायचं तुला आहे."

दही तिच्या तळहातावर पडलं. एक थेंबही सांडला नाही, कारण खालून त्याने हात घट्ट धरला होता. तिने तळहात नाकाशी नेला. काहीच कळलं नाही.

"सकाळचं आहे," ती म्हणाली. "दिवसभर उकाड्यात होतं. आंबलंय का रे?"

हर्षलने वाटीचा वास घेतला.

"नाही गं," तो म्हणाला. "मस्त ताजं हाये."

वृषालीने दही तोंडात घातलं. ते आंबट ढाण झालं होतं. तिने ते सगळं खाल्लं आणि तळहातही चाटून घेतला.